जालना : सोन्याचा पाळणा आणि त्याची राखण

🧵

१/
‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. तिचा अर्थ सांगताना कापूस, सराफी, बियाणे आणि लोखंड यांची नावे घेतली जातात. ज्या गावात सोने असते तेथे त्याची राखणही करावी लागते, हा म्हणीचा दुसरा अर्थ मात्र सहसा सांगितला जात नाही. वाढत्या शहरातील चोऱ्या-घरफोड्यांची चर्चा आज जालन्यात रोज होते. या चर्चेला साडेतीनशे वर्षांची पार्श्वभूमी आहे. चोरी कशाला म्हणायचे, चोर कोणाला ठरवायचे आणि नुकसान कोणी सोसायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक काळाने वेगळी दिली. हा लेखनप्रपंच त्या उत्तरांचा आहे.

२/
कुंडलिका नदीच्या एका काठावर जालना आणि दुसऱ्या काठावर कादराबाद अशी ही जोडवस्ती. निजामशाहीच्या काळात जमशेदखानाने येथे मशीद, सराई आणि मोती तलाव बांधला. तलावाचे पाणी नळांनी गावात आणले होते. प्रवासी व व्यापारी मोठ्या संख्येने उतरत असल्याशिवाय अशी सोय कोणी करीत नाही. पुढे मोगलांच्या अमलात जालनापूर ही दख्खनमधील एक संपन्न पेठ बनली. पेठ म्हणजे एका जागी साठलेली जंगम मालमत्ता : रोकड, कापड, दागिने, हुंड्या. शेत पळवून नेता येत नाही, पण पेठ चार दिवसांत रिकामी करता येते.

३/
नोव्हेंबर १६७९ मध्ये नेमके हेच घडले. विजापूरवर चालून आलेल्या दिलेरखानावरील दाब कमी व्हावा म्हणून शिवाजी महाराजांनी मोगली मुलखात मोहीम काढली आणि जालनापूर गाठले. शहराची लूट चार दिवस चालली. राजारामाच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीत या लुटीचा आणि पाठोपाठ रणमस्तखानाशी झालेल्या लढाईचा उल्लेख आहे. त्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. लुटीने जड झालेली फौज वेगाने हलू शकत नव्हती. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने ती पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेली. तोच किल्ला पुढे विश्रामगड झाला. महाराजांची ही अखेरची मोठी स्वारी ठरली.

४/
या प्रसंगातील एक तपशील मालमत्तेच्या इतिहासासाठी मोलाचा आहे. फौज येत असल्याची वार्ता कळताच अनेक व्यापाऱ्यांनी आपली रोकड व जवाहीर शहराबाहेरील सय्यद जान मुहंमद यांच्या मठात हलविले. साधुसंतांच्या स्थानाला मराठी फौज हात लावीत नाही, हा लौकिक त्यामागे होता. पुढे मठालाही उपद्रव झाला आणि सय्यदांनी शाप दिला, अशी कथा खाफीखानाने नोंदवली. ती घटनेनंतर कित्येक दशकांनी लिहिली गेली आहे, हे वाचताना विसरू नये. पण शापाची गोष्ट बाजूला ठेवली तरी व्यापाऱ्यांचे वर्तन बोलके आहे. तटबंदी आणि शिबंदी यांच्यापेक्षा त्यांना एका साधूच्या पुण्याईचा आधार अधिक भरवशाचा वाटला.

५/
हा ‘गुन्हा’ होता काय? त्या काळच्या कल्पनेनुसार नव्हता. शत्रूच्या मुलखातील पेठ हा शत्रूच्या खजिन्याचाच भाग मानला जाई. मोगल, आदिलशाही, मराठे आणि पुढे कंपनी सरकार या सर्वांच्या फौजा या समजुतीने वागत. ‘खंडणी’ हा शब्दच पाहा. तेव्हा त्याचा अर्थ ठरवून घेतलेली रक्कम असा होता : ती भरली की लूट टळे. आज तोच शब्द दंडसंहितेतील गुन्ह्याचे नाव आहे. शब्द तोच राहिला, पण शस्त्राच्या बळावर पैसा घेण्याचा अधिकार कोणाला आहे याची कल्पना बदलली.

६/
१७२५ साली निजाम-उल-मुल्क याच्या हुकमावरून काबिलखानाने जालन्यात किल्ला बांधला. तोच आजचा मस्तगड. तरीही शहराचे धनी बदलत राहिले. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने शिंद्यांच्या शिबंदीकडून जालन्याचा किल्ला घेतला. तीनच आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातीलच असई येथे वेलस्ली आणि मराठी फौजांची लढाई झाली. डिसेंबरातील सुर्जी-अंजनगावच्या तहात जालनापूरचा किल्ला व परगणा शिंद्यांनी सोडल्याचे कलम आहे. पुढे हा मुलूख निजामाकडे गेला. १८०३-०४ मध्ये दख्खनमध्ये दुष्काळही पडला. युद्ध, दुष्काळ आणि लूट यांचे हे त्रिकूट त्या काळी बहुधा एकत्रच चाले.

७/
हा झाला मोठ्या लुटीचा इतिहास. रोजच्या चोरीचे काय? तिच्यासाठी महाराष्ट्रातील गावगाड्यात वेगळी व्यवस्था होती. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात तिचे वर्णन केले. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली जागल्या असे. तो प्रांताप्रमाणे रामोशी, भिल्ल वा अन्य जमातीचा असे. रात्रीचा पहारा, आल्या-गेल्या परक्यावर नजर आणि चोरी झाल्यास ‘माग काढणे’ ही त्याची कामे. माग म्हणजे चोराच्या पावलांचा मागोवा.

८/
या व्यवस्थेचा कणा पुढच्या नियमात होता. जागल्याने माग काढत तो शेजारगावाच्या शिवेपर्यंत पोहोचवला की जबाबदारी त्या गावावर जाई. तेथील जागल्याने तो पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवला, त्या गावाने चोरीचा माल शोधून द्यायचा, नाहीतर भरपाई करायची. ही पद्धत न्याय्यच होती असे नाही. पुष्कळदा भरपाईचा बोजा निर्दोष कुणब्यावर किंवा गरीब जागल्यावर येई. पण तिच्या मुळाशी एक स्पष्ट तत्त्व होते : चोरी झाली तर नुकसान एकट्या घरधन्याचे नाही, राखण करणाऱ्या व्यवस्थेने त्याचे उत्तर द्यायचे.

९/
एकोणिसाव्या शतकात ही जबाबदारी गावाकडून सरकारी खात्याकडे सरकली. ब्रिटिश मुलखात १८६० ची भारतीय दंडसंहिता आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. हैदराबाद संस्थानात दिवाण सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि महसूल, न्याय व पोलीस या कामांची नवी घडी बसवली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. मराठी पोलीस-कचेरीची भाषा आजही त्या जुन्या दरबारी वळणाची आहे : ठाणे, फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल. नव्या व्यवस्थेने चोराला शिक्षा देण्याचे काम स्वीकारले. नुकसान भरून देण्याचे जुने कलम मात्र तिने सोडून दिले. हा बदल फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, पण तो मूलभूत आहे.

१०/
विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड ते हैदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग जालन्यावरून गेला. कापसाच्या जिनिंगला आणि आडत बाजाराला बहर आला. रेल्वेने माल जसा वेगाने आणला-नेला, तसाच चोरही. पायी चालणाऱ्याचा माग काढता येतो, गाडीत बसून गेलेल्याचा नाही. शिवेवर उभ्या असलेल्या जागल्याचे ज्ञान एका फटक्यात निरुपयोगी ठरले. मग पोलिसांनी नवे साधन शोधले. पावलांचा माग काढता येत नसेल, तर जातीचा माग ठेवायचा.

११/
१८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या सुधारणेने तो मुंबई-मद्रास इलाख्यांसह सर्वत्र लागू करता येऊ लागला आणि १९२४ मध्ये पुन्हा एकत्रित करण्यात आला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी अशा जमातींतील माणसे जन्मतःच संशयित ठरली. त्यांची नावे नोंदवायची, हजेरी घ्यायची, परवान्याशिवाय गाव सोडू द्यायचे नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातील सेटलमेंट उभी राहिली आणि तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात. हैदराबाद संस्थानातही अशाच धर्तीचे निर्बंध होते.

१२/
यातील विरोधाभास तीव्र आहे. ज्या जमातींकडे गावाने शतकानुशतके राखणीचे काम सोपवले होते, त्यांपैकी काहींची नावे नव्या यादीत चोर म्हणून आली. रामोशी आणि भिल्ल यांच्या वाट्याला इंग्रजी अंमलात हा संशय प्रथम आला. गावगाड्यातील हक्क गेले, जंगलावर निर्बंध आले, मीठ-धान्य वाहून नेणाऱ्या भटक्या व्यापाऱ्यांचा धंदा रेल्वेने हिरावला. उपजीविका गेल्यावर त्यांतील काहींनी चोरी केली असेल, पण कायद्याने शिक्षा ‘काहींना’ नव्हे, सगळ्यांना आणि त्यांच्या अजून न जन्मलेल्या मुलांनाही दिली. ‘भामटा’ हा शब्द मराठीत ठक या अर्थाने रूढ झाला. एका समाजाचे नावच शिवी बनले.

१३/
हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या स्मरणार्थ विमुक्त दिन पाळला जातो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जातीचे नाव नव्हते, तरी ठाण्यातील जुन्या याद्या आणि जुन्या सवयी तशाच राहिल्या. मराठवाड्यातून आलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने १९८७ मध्ये त्या सवयींचा आतून अनुभव मराठी वाचकांसमोर ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालातही विमुक्त जमातींवरील या जुन्या शिक्क्याची दखल घेतली गेली. म्हणजे १८७१ ची सावली दीडशे वर्षांनंतरही न्यायालयाला दूर सारावी लागली.

१४/
आता आजच्या जालन्याकडे वळू. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी, १९६४ मध्ये, बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ची स्थापना केली होती. संकरित बियाण्यांच्या या उद्योगासाठी त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे सळई बनवणारे पोलाद कारखाने वाढले. १९९१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती २ लाख ८५ हजारांवर गेली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. २०२३ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईशी जोडणारी वंदे भारत गाडी सुरू झाली.

१५/
वाढत्या शहरात मालमत्तेचे गुन्हे वाढतात, हे विधान इतके सर्वमान्य आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. तपासायला गेले तर पहिलीच अडचण उभी राहते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९५३ पासूनच्या आकड्यांची परंपरा पुढे चालवतो. पण शहरवार तपशीलवार तक्ते तो वीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरांचे देतो. जालन्यासारख्या शहराचे आकडे जिल्ह्याच्या बेरजेत मिसळतात. त्या जिल्ह्यात नऊशेहून अधिक गावे आहेत. बाजारपेठेतील घरफोडी, शेतातून गेलेली विद्युत मोटार आणि गोठ्यातून गेलेला बैल हे सारे एकाच रकान्यात येतात. देशातील शेकडो वाढती शहरे अशी आकडेवारीत अदृश्य आहेत.

१६/
दुसरी अडचण नोंदीची. आकडा चोऱ्यांचा नसतो, नोंदलेल्या चोऱ्यांचा असतो. मोटारसायकल गेली तर विम्यासाठी फिर्याद लागते, म्हणून तिची नोंद बहुधा होते. मोबाइल गेला तर पुष्कळदा ‘गहाळ’ झाल्याचा दाखला घेऊन प्रकरण मिटते. बसस्थानकावर पाकीट मारले गेले तर बहुतेक जण ठाण्याची पायरीही चढत नाहीत. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद पोलिसांवर बंधनकारक ठरवली. त्यानंतर एखाद्या ठाण्याचा आकडा वाढला असेल, तर तेथे चोर वाढले की प्रामाणिकपणा वाढला, हे आकडा स्वतः सांगत नाही.

१७/
तिसरी अडचण किमतीची. ‘पाच लाखांचा ऐवज लंपास’ या मथळ्याचे वजन काळानुसार बदलते. २०१० च्या सुमारास दहा ग्रॅम सोने वीस हजार रुपयांच्या आत होते. २०२५ मध्ये ते लाखापलीकडे गेले. म्हणजे पाच तोळ्यांची तीच चोरी तेव्हा लाखाच्या आतली होती आणि आज पाच लाखांवरची आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हिसकावून नेणे हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा झाला. सोनसाखळी हिसकावण्याची घटना पूर्वी कधी चोरीत, कधी जबरी चोरीत नोंदली जाई. त्यामुळे या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकाच रेषेत जोडता येत नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही सवय असतेच : नाणे बदलले की जमाखर्चाचा अर्थही बदलतो.

१८/
आकड्यांपेक्षा शहराची रचना अधिक सांगते. जुन्या पेठेत वाड्यावाड्यांच्या भिंती लागून होत्या, ओट्यावर कोणी ना कोणी बसलेले असे. नव्या वसाहतींत बंगले सुटे आणि कुलपे एकटी. दिवाळीत वा लग्नसराईत घर बंद ठेवून सारे गावी जातात. महामार्गावरून चोर तासाभरात दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचतो. औद्योगिक शहराची स्वतःची एक अडचण असते. पोलादाच्या भट्टीत भंगार वितळते. भंगाराचा धंदा कायदेशीर आणि आवश्यक आहे. पण चोरीचे लोखंड एकदा त्या ढिगात मिसळून वितळले की त्याची ओळखच उरत नाही. सोन्याचे तेच : मुशीत गेलेला दागिना पुन्हा कोणालाही ओळखता येत नाही. म्हणून चोरीचा माल घेणारा, हा मालमत्तेच्या गुन्ह्यातील सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत आवश्यक माणूस असतो. कायद्याने त्याच्यासाठी वेगळे कलम ठेवले आहे, मथळ्यांत मात्र तो क्वचितच येतो.

१९/
आणि नुकसानीचे काय? देशभरात चोरीस गेलेल्या मालमत्तेपैकी किमतीच्या हिशेबाने साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच परत मिळते. उरलेला भार ज्याचे गेले त्याच्यावरच. विमा असलेल्याचे निभते. पण ज्याची एकुलती मोटारसायकल हीच रोजगाराची वाट होती, किंवा मुलीच्या लग्नासाठी जमवलेले चार तोळेच गेले, त्याला भरपाई देणारे गाव आता नाही. भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीत तर शीवच उरलेली नाही. माग शेकडो कोसांवरच्या खात्यात जाऊन हरवतो. ‘झीरो’ नोंद, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात फिर्याद देण्याची तरतूद, ही ‘हे आमच्या शिवेत नाही’ या जुन्या उत्तरावरची आजची तोड आहे.

२०/
याच पोकळीत धोका लपलेला आहे. चोरी उघडकीस येत नाही आणि भरपाई मिळत नाही, तेव्हा लोकांना उत्तर हवे असते. सर्वांत सोपे उत्तर १८७१ मध्येच तयार झाले होते. गावाबाहेरच्या पालावर संशय घ्यायचा. एखाद्या घरफोडीनंतर तपास सुरू होण्याआधीच जमातीचे नाव घेतले जाते आणि वस्तीवरची मुले शाळेऐवजी चौकशीच्या भीतीत दिवस काढतात. खरा चोर दुसऱ्याच दिशेने गेलेला असतो. जागल्या निदान जमिनीवरचे पाऊल पाहून माग काढत होता. जात पाहून काढलेल्या मागाला पाऊलही लागत नाही.

२१/
म्हणून ‘शहरात चोऱ्यांत वाढ’ ही बातमी वाचताना चार प्रश्न विचारावेत. आकडा कोणत्या हद्दीचा आहे? मोजण्याची पद्धत मध्येच बदलली काय? माल कोणी विकत घेतला? आणि संशय पुराव्यावर उभा आहे की नावावर? १६७९ च्या व्यापाऱ्यांनी आपले सोने साधूच्या मठात ठेवले, कारण तटबंदीवर त्यांचा विश्वास नव्हता. आजचा जालनेकर दारावर कॅमेरा लावतो. राखणीचा खर्च पुन्हा घरधन्यावर आला आहे. नव्या महानगरपालिकेसमोर रस्ते, पाणी आणि दिवे यांच्याबरोबर हाही प्रश्न आहे : शहर मोठे झाले, पण त्याची राखण ही सर्वांची सामाईक जबाबदारी आहे की ज्याची त्याची?